पोलंडच्या आर्थिक इतिहासाच्या परिषदेत पेपर वाचायचाय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

पोलंडच्या आर्थिक इतिहासावर काम सुरू केलेल्या मराठी मुलामुलींचे मला अधूनमधून मेसेज येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. कुठली परिषद धरायची, पोलिश येत नाही तर चालेल का, सध्या तिकडे कशावर काम चाललंय, पैसे कोण देतं. मी या सगळ्यातून गेलेय, त्यामुळे एकदाच नीट लिहून टाकते म्हणजे तुमचं पहिलं वर्ष चाचपडण्यात जायला नको.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिथे पेपर वाचल्यावर पहिला प्रश्न "थिअरी कुठली वापरली" असा सहसा येत नाही, "सोर्स कुठला, कुठल्या अर्काइव्हचा, त्यातलं काय जळलं आणि काय उरलं" असा येतो. आपल्याकडून जाणारी मंडळी वर्ल्ड सिस्टिम (जगाची श्रीमंत केंद्र आणि गरीब कडा अशी मांडणी), दुसरी वेठबिगारी (पूर्व युरोपात वेठ पुन्हा घट्ट झाली तो काळ) वगैरे मोठ्या चौकटी पाठ करून जातात आणि या एका प्रश्नावर गप्प होतात. खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाची तयारी म्हणूनच वाचा.

१. आधी कोण कुठे बसतं ते ओळखा

पोलंडमध्ये आर्थिक इतिहासवाल्यांची दोन घरं आहेत. एक इतिहास विभागात, दुसरं अर्थशास्त्राच्या विद्यापीठांत. वॉर्सात एसजीएच म्हणून १९०६ मध्ये सुरू झालेलं अर्थशास्त्र-वाणिज्याचं जुनं विद्यापीठ आहे, तिथे आर्थिक आणि सामाजिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे, वॉर्सा युनिव्हर्सिटीच्या अर्थशास्त्र फॅकल्टीतही हे काम चालतं. पोझ्नानच्या अॅडम मित्स्क्येविच विद्यापीठात मात्र परंपरा इतिहासवाल्यांची. वूच हे कापडगिरण्यांचं शहर, त्यामुळे तिथे उद्योगाचा इतिहास ओघानेच येतो, आणि बियाविस्तोकला लोकसंख्या आणि शेतीच्या इतिहासाचा चांगला गट आहे.

हे घर ओळखणं का महत्त्वाचं? कारण एकच विषय दोघं पूर्ण वेगळ्या पद्धतीने हाताळतात. गालिसियातल्या (पोलंडच्या फाळण्यांत ऑस्ट्रियाकडे गेलेल्या भागातल्या) गरिबीवर इतिहासवाला एखाद्या जहागिरीची मालमत्ता-यादी आणि कोर्टाची वही घेऊन बसेल, अर्थशास्त्रवाला जुन्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांचा डेटा घेऊन रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध मोजायची सांख्यिकी पद्धत) चालवेल. दोघांच्या परिषदा वेगळ्या, जर्नल वेगळी, पेपरची लांबीसुद्धा वेगळी. ज्यांना लिहिताय त्यांचा विभाग कुठल्या फॅकल्टीत आहे एवढं बघितलं तरी अर्धं काम होतं.

२. जुनी मंडळी कोण, एवढं तरी माहीत असू द्या

सगळं वाचायची गरज नाही पण ही नावं चहाच्या वेळी येतातच. पहिल्या पिढीत लवूफचे (आता युक्रेनमधलं ल्विव) फ्रान्चिशेक बुयाक आणि पोझ्नानचे यान रुत्कोव्स्की. या दोघांनी १९३१ मध्ये सामाजिक-आर्थिक इतिहासाचं वार्षिक सुरू केलं, रोच्निकी म्हणतात त्याला, आणि ते आजही निघतं. बुयाकांच्या विद्यार्थ्यांनी लवूफ, क्राकूफ, ग्दान्स्क, वॉर्सा, लुब्लिन इथल्या शेकडो वर्षांच्या किमती आणि मजुरी हाताने उतरवून काढल्या. आज युरोपभरच्या खऱ्या मजुरीची (म्हणजे किमतींच्या मानाने मजुरीत काय विकत घेता येतं त्याची) तुलना होते त्यात पोलंडचे आकडे बऱ्याच अंशी याच वह्यांतून येतात, आणि मूळ कागद पुन्हा बघायची सोय सगळीकडे राहिलेली नाही, म्हणून या कामाबद्दल तिकडे फार आदर आहे.

मग विटोल्ड कुला (१९१६–१९८८). यांचं १९६२ चं सरंजामी व्यवस्थेच्या अर्थशास्त्रावरचं पुस्तक फ्रेंचमध्ये १९७० ला आणि इंग्रजीत १९७६ ला आलं, तुम्ही कुठूनही सुरुवात करणार असाल तर इथून करा. त्यातला एक हिशोब तर कायम लक्षात ठेवण्यासारखा आहे: जमीनदाराची फक्त रोख जमा-खर्च मांडली तर जहागीर फायद्यात दिसते, पण वेठीची मेहनत, लाकूड, जनावरं हे सगळं बाजारभावाने धरलं तर तीच जहागीर तोट्यात जाते. म्हणजे आजचं नफ्याचं गणित तिथे जसंच्या तसं चालत नाही. मारियान मावोविस्त हे दुसरं मोठं नाव, पूर्व आणि पश्चिम युरोपच्या व्यापारातली विषमता हा त्यांचा विषय, वर्ल्ड सिस्टिम मांडणाऱ्या वॉलरस्टाइन यांनी बरंच काही त्यांच्याकडून घेतलंय. पोझ्नानचे येझी तोपोल्स्की पद्धतिशास्त्रासाठी, आणि दोन महायुद्धांमधल्या काळासाठी लान्दाउ-तोमाशेव्स्की ही जोडी. १९५६ नंतर राजकीय वातावरण सैल झालं आणि यातल्या कित्येकांना पॅरिसला जाता आलं, अनाल या फ्रेंच इतिहासकारांच्या गटाशी त्यांचे संबंध तिथून पक्के झाले, त्यामुळे जुन्या पोलिश लिखाणात मार्क्सवादी शब्द दिसले म्हणून ते सगळं सरकारी छापाचं समजू नका, ही चूक बाहेरून येणारे फार करतात.

३. सध्या कशावर काम चाललंय

ही पायरी मोठी आहे कारण विषयाची निवड इथेच ठरते.

मजुरी, किमती, दरडोई उत्पन्न: जुन्या किमतींच्या वह्या नव्या पद्धतीने वापरून औद्योगिकीकरणापूर्वीच्या पोलंडचं उत्पन्न आणि त्याची वाटणी काढायचं काम गेल्या दहा-बारा वर्षांत जोरात झालं, मिकोवाय मालिनोव्स्की आणि यान लाउटेन वान झान्डेन यांचा २०१७ चा लेख यातला महत्त्वाचा. यात पाय ठेवणार असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या, की मजुरीचे आकडे शहरातल्या गवंड्यांचे आणि बिगारी कामगारांचे आहेत, आणि देशातले बहुसंख्य लोक होते खेड्यात, त्यातले कितीतरी जमीनदाराच्या शेतावर आठवड्यातून काही दिवस फुकट राबत होते. क्राकूफच्या गवंड्याच्या रोजावरून वेठीच्या कुळाचं राहणीमान काढता येत नाही. हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच, उत्तर तयार ठेवा.

फाळण्यांचा वारसा: १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत पोलंड रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियात वाटला गेला तो १९१८ पर्यंत. अर्थशास्त्रज्ञांना हा आयता प्रयोगच मिळाला, एकच समाज तीन राजवटींत. इरेना ग्रोसफेल्ड आणि एकातेरिना झुराव्स्काया यांच्या २०१५ च्या लेखानंतर तर या विषयावर लेखांची रांगच लागली. पण इतिहासवाल्यांचा आक्षेपही ऐका, मला तो पटतो. सीमा काही १७९५ ला एकदा आखल्या आणि तशाच राहिल्या असं झालं नाही. वॉर्सा शहर १७९५ नंतर दहाएक वर्षं प्रशियाकडे होतं, १८०७ मध्ये नेपोलियनच्या डची ऑफ वॉर्सात गेलं आणि १८१५ नंतर रशियाच्या झारच्या हाताखाली. क्राकूफ १८१५ ते १८४६ स्वतंत्र शहर होतं, मग ऑस्ट्रियात. तुमच्या नकाशावर एकच सीमारेषा असेल तर कुठल्या वर्षाची ते लिहा. आणि व्रोत्स्वाफ, श्चेचिन या भागांचा फाळण्यांशी संबंधच नाही, ते १९४५ ला पोलंडकडे आले आणि तिथली जवळजवळ सगळी वस्ती बदलली. त्या स्थलांतरावर २०२० मध्ये गाजलेला लेख आला, युद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्वेकडच्या भागातून जबरदस्तीने हलवलेल्या कुटुंबांची पुढची पिढी जास्त शिकली असं त्यात दाखवलंय, जमीन-घर गेल्यावर लोकांनी शिक्षणात गुंतवणूक केली असा त्यांचा अर्थ.

विषमता: पाव्हेव बुकोव्स्की आणि फिलिप नोवोक्मेत यांनी १८९२ पासून २०१५ पर्यंतची वरच्या थराच्या उत्पन्नाची मालिका लावलीय. साम्यवादी काळात ती खाली गेली आणि १९८९ नंतर वर आली. करांच्या नोंदी वापरायच्या असतील तर हा लेख पद्धतीसाठी वाचा.

खालून लिहिलेला इतिहास: २०२० च्या आसपास पोलंडमध्ये कुळांचा, वेठीचा, सामान्यांचा इतिहास सांगणारी पुस्तकं आली आणि ती विद्यापीठाबाहेर प्रचंड वाचली गेली, वेठीला गुलामगिरी म्हणावं का यावर पेपरांतून भांडणं झाली. आर्थिक इतिहासवाल्यांची यावरची मतं अजून दुभंगलेली आहेत. कोणाची बाजू घ्यायची ती घ्या, पण एका राजवटीतल्या एका जहागिरीचं उदाहरण घेऊन सगळ्या कुळांबद्दल बोलू नका. वेठ आणि कुळांची बांधिलकी संपायच्या तारखासुद्धा वेगवेगळ्या आहेत: प्रशियात १८०७ पासून टप्प्याटप्प्याने, गालिसियात १८४८, रशियाखालच्या भागात १८६४.

पर्यावरण: माझ्या मते सध्याचं सगळ्यात ताजं काम हे. तळ्या-दलदलींच्या गाळातले परागकण मोजून कुठल्या शतकात किती जमीन लागवडीखाली होती ते काढतात. अॅडम इझ्देब्स्की आणि बियाविस्तोकचे प्योत्र गुझोव्स्की हे ज्यात आहेत त्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात असं निघालं की चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूने (प्लेगच्या साथीने) युरोप सगळीकडे सारखा उजाड झाला नव्हता, पोलंडच्या भागात तर शेती चालूच राहिली, वाढली. तुमच्या बाजूला एखादा वनस्पतिशास्त्रवाला मित्र असेल तर हा विषय जरूर बघा.

विसावं शतक: यात १९२४ ची चलन सुधारणा, ग्दिनिया बंदर, १९३६ नंतरचा मध्य औद्योगिक प्रदेश (सरकारने उभारलेला कारखान्यांचा पट्टा), जानेवारी १९४६ चं राष्ट्रीयीकरण, साम्यवादी काळातले कारखाने, आणि आता १ जानेवारी १९९० ला सुरू झालेली, अर्थव्यवस्था बाजाराकडे नेणारी बाल्त्सेरोविच योजना. नव्वदचं दशक आता इतिहासवाल्यांच्या हातात आलंय आणि नवीन माणसाला इथे जागा भरपूर आहे.

भारताचा दुवा शोधत असाल तर दोन खरे दुवे आहेत. पोलिश अर्थशास्त्रज्ञांपैकी ऑस्कर लांगे पन्नाशीच्या दशकात कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन गेले, मिखाव कालेत्स्की १९५९-६० ला भारतात होते, दोघांनी आपल्या नियोजनावर लिहिलंय. दुसरा आपल्या कोल्हापूरचा, वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी, १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं. वळिवड्यावर आठवणी खूप आहेत पण छावणीचा खर्च, आसपासच्या बाजारावर काय परिणाम झाला, पुरवठा कोणाकडे होता असं आर्थिक अंगाने बघायला जागा आहे, आणि संस्थानी मराठी कागद वाचता येणारा माणूस तिकडे मिळत नाही. पण हा विषय सोपा म्हणून घेऊ नका, पोलिश आणि इंग्रजी दोन्ही बाजूचे कागद लागतील.

४. सोर्स: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

१९४४ मध्ये वॉर्साच्या उठावाच्या काळात आणि त्यानंतर जर्मनांनी वॉर्सातली अर्काइव्ह जाळली. खजिन्याचे आणि मंत्रालयांचे कागद प्रचंड प्रमाणात गेले. म्हणून जुन्या अभ्यासकांनी युद्धाआधी उतरवून घेतलेल्या वह्यांना आज मूळ कागदाइतकी किंमत येते आणि म्हणूनच "काय उरलंय" हा प्रश्न तिथे सारखा विचारतात. तुमच्या पेपरच्या दुसऱ्याच मिनिटाला याचं उत्तर द्या, विचारायची वाट बघू नका.

घरी बसून काय बघता येतं ते आधी बघा:

पोलंडच्या सरकारी अर्काइव्हचं शोध पोर्टल आहे, शुकाय व आर्खिवाख नावाचं, लाखो स्कॅन फुकट. राष्ट्रीय ग्रंथालयाचं पोलोना हे डिजिटल ग्रंथालय. डिजिटल ग्रंथालयांचा एकत्र शोध घेणारं एफबीसी. सोळाव्या शतकातल्या गावांचे नकाशे आणि करनोंदींसाठी अॅटलास फोंटियम, हे पोलिश विज्ञान अकादमीच्या इतिहास संस्थेच्या मंडळींचं काम आहे आणि डेटा डाउनलोड करून थेट नकाशावर टाकता येतो, मला वाटतं नवशिक्याने इथूनच सुरू करावं. ग्दान्स्कच्या धान्यव्यापारासाठी डेन्मार्कच्या साउंड सामुद्रधुनीच्या जकातीच्या नोंदी, १४९७ ते १८५७, ऑनलाइन आहेत, फक्त सुरुवातीच्या दशकांत मालाचा तपशील मिळत नाही आणि कप्तान माल कमी दाखवायचे हे धरून चाला. दोन युद्धांमधल्या काळासाठी मुख्य सांख्यिकी कार्यालयाची (गूस म्हणतात, १९१८ ची स्थापना) वार्षिकं आणि १९२१ व १९३१ च्या जनगणना.

प्रत्यक्ष जायचं झालं तर अठराव्या शतकाअखेरपर्यंतच्या केंद्रीय कागदांसाठी वॉर्सातलं आगाद (जुन्या कागदांचं मुख्य अर्काइव्ह), विसाव्या शतकासाठी तिथलंच आआन (नव्या कागदांचं अर्काइव्ह), बाकी प्रत्येक विभागाची सरकारी अर्काइव्ह. पासपोर्ट दाखवून फॉर्म भरायचा, फाइलचे नंबर आधीच मेल करून मागवायचे नाहीतर पहिला दिवस वाट बघण्यात जातो. आपल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला साधारणपणे पैसे पडत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये वेळा कमी असतात, आणि १ व ३ मे, १५ ऑगस्ट, १ आणि ११ नोव्हेंबर सुट्टी.

आता सापळे, यातले तीन मी दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या स्लाइडवर बघते.

पहिला सापळा जमिनीच्या मापाचा. मोर्ग. रशियाखालच्या भागातला मोर्ग साधारण ०.५६ हेक्टर, ऑस्ट्रियातला सुमारे ०.५७५, आणि प्रशियाचा मोर्ग फक्त ०.२५५. तिन्ही भागांचे आकडे एका कोष्टकात टाकून सरासरी काढली की सगळं बिघडलं.

दुसरा धान्याच्या मापाचा. कोझेत्स हे माप १८१९ च्या सुधारणेनंतर १२८ लिटर ठरलं, पण त्याआधी प्रत्येक शहराचं वेगळं होतं, आणि माप सपाट भरायचं की शीग लावून, हाच जमीनदार आणि कुळांमधला भांडणाचा मुद्दा असायचा. आपल्याकडे पायलीवर शीग असते तसंच समजा. कुलांनी मापांवर आख्खं पुस्तक लिहिलंय ते यामुळेच. कागदावर आकडा तोच राहतो आणि प्रत्यक्षात वसुली वाढलेली असते, हे ज्याला कळलं त्याला पोलंडचा अठराव्या शतकाचा इतिहास वाचता येतो असं मी म्हणेन.

तिसरा पैशाचा. रशियाखाली आधी झ्वॉटी आणि मग रुबल (१५ कोपेक म्हणजे १ झ्वॉटी), ऑस्ट्रियात गुल्डन आणि १८९२ पासून क्राउन (२ क्राउनला १ गुल्डन), प्रशियात थालर आणि नंतर मार्क (३ मार्कला १ थालर). १९१८ नंतर पोलिश मार्क, तो महागाईत बुडाला आणि १९२४ मध्ये १८ लाख मार्कला १ झ्वॉटी असा बदल झाला. पुढे १९५० ला पुन्हा चलन बदललं, १९९५ ला १०,००० जुन्यांचा १ नवा. लांब पल्ल्याची मालिका असेल तर हे सगळं एका स्लाइडवर टाका, लोक खूश होतात.

शिवाय तारखा. रशियाखालच्या कागदांवर ज्युलियन आणि ग्रेगोरियन अशा दोन तारखा असतात, १९ व्या शतकात १२ दिवसांचा फरक. आणि भाषा: १८६० च्या दशकानंतर रशियाखालची कार्यालयं रशियनमध्ये, प्रशियात जर्मन, तीही जुन्या वळणदार लिपीत, त्याआधीचं बरंचसं लॅटिन. मोडी वाचायला शिकलेल्यांना जुन्या जर्मन हस्ताक्षराची भीती वाटत नाही असं मी पाहिलंय. ट्रान्सक्रिबस हे हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर मदत करतं पण आकडे मात्र डोळ्यांनी तपासा, ३ आणि ५ मध्ये ते गफलत करतं.

५. परिषद निवडा

मोठी सर्वसाधारण परिषद म्हणजे पोलिश इतिहासकारांचं महाअधिवेशन, पहिलं १८८० मध्ये क्राकूफला झालं, आता दर पाच वर्षांनी भरतं, २०१९ ला लुब्लिन, २०२४ ला बियाविस्तोक. यात आर्थिक इतिहासाचे विभाग असतात पण भाषा मुख्यतः पोलिश. पोलिश आर्थिक इतिहास संघटनेच्या आणि वेगवेगळ्या विद्यापीठांच्या बैठका छोट्या आणि कामाच्या, तिथे इंग्रजी सत्र असेल तर घोषणेत लिहिलेलं असतं, नसेल तर मेल करून सरळ विचारा, हो किंवा नाही स्पष्ट सांगतात.

पोलिश अजिबात येत नसेल तर पहिला पेपर जागतिक आर्थिक इतिहास काँग्रेसमध्ये (२०२२ पॅरिस, २०२५ लुंड, दर तीन वर्षांनी) किंवा युरोपियन हिस्टॉरिकल इकॉनॉमिक्स सोसायटीच्या परिषदेत वाचा, पोलंडवर काम करणारे अर्थशास्त्रवाले तिथेच भेटतात. काँग्रेसची सत्रं फार आधी ठरतात, म्हणून सत्र चालवणाऱ्याला दीड-दोन वर्षं आधी गाठावं लागतं. पीएचडीच्या सुरुवातीला असाल तर विद्यार्थी मंडळांच्या डॉक्टरेट परिषदा उत्तम, वातावरण मोकळं आणि फी कमी.

आणखी एक युक्ती, कॅलेंडर बघा. पोलंडमध्ये शताब्दी आली की परिषद आलीच. २०१८ ला स्वातंत्र्याची शंभरी, २०२४ ला झ्वॉटीची, २०२६ ला ग्दिनियाला शहराचा दर्जा मिळाल्याची. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत कशाची शंभरी येतेय ते बघून विषय जुळत असेल तर आधीच तयारी करा. हंगाम मुख्यतः सप्टेंबर, कारण १ ऑक्टोबरला कॉलेजं सुरू होतात, आणि मग मे-जून.

सापळा: "इंटरनॅशनल", "मल्टिडिसिप्लिनरी" अशी लांबलचक नावं, आठवड्यात स्वीकृती, फी युरोत आणि आयोजक विद्यापीठ नसून कंपनी, अशा मेलला उत्तर देऊ नका. खऱ्या परिषदेच्या पानावर वैज्ञानिक समितीची नावं असतात, त्यातल्या एक-दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन पडताळा.

६. सारांश पाठवणं

साधारण २००–३०० शब्द. पहिल्या दोन वाक्यांत जागा, काळ आणि राजवट, म्हणजे "एकोणिसाव्या शतकातला पोलंड" असं न लिहिता "१८६४ ते १९१४, वॉर्सा प्रांत, रशियन राजवट". मग सोर्स, अर्काइव्हच्या नावासकट. मग प्रश्न. पद्धत शेवटी. बहुतेक भारतीय सारांश बरोबर उलटे असतात. शीर्षक पोलिशमध्येही द्या, कोणाकडून तरी तपासून घ्या.

मेलमध्ये थेट पहिल्या नावाने हाक मारू नका. "शानोव्नी पाण्ये प्रोफेसोझे" (पुरुषांना), "शानोव्ना पानी प्रोफेसोर" (बाईंना) ही रीत. डॉक्टर, डॉक्टर हाबिलितोव्हानी (पीएचडीच्या वरची पदवी) आणि प्रोफेसर या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, विद्यापीठाच्या पानावर बघून लिहा. इंग्रजी मेल चालतो, पण ही पहिली ओळ पोलिशमध्ये असली की उत्तराचा सूर बदलतो.

७. पैसे आणि कागद

फी बहुतेक वेळा झ्वॉटीत आणि बँक ट्रान्सफरने. ट्रान्सफर करताना सगळे बँक चार्जेस पाठवणाऱ्याकडे हा पर्याय निवडा, नाहीतर मधल्या बँका कापून घेतात आणि फी अपुरी पोचल्याचा मेल येतो. भारतातून जात असाल तर आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्रांची) आणि आयसीएचआर (इतिहासाची) या आपल्या संशोधन परिषदा परदेश प्रवासाला मदत देतात, त्यांचे चालू नियम अर्जाआधी वाचा. जास्त काळ राहायचं असेल तर पोलंडची नावा ही संस्था (२०१७ पासून) बाहेरच्या संशोधकांना फेलोशिप देते, आणि क्राकूफच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्राच्या ग्रँटमध्ये कधीकधी पीएचडीची जागा निघते.

व्हिसासाठी लागणारे कागद:

– पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध
– परिषदेचं निमंत्रणपत्र, सही-शिक्क्याचं, तारखा आणि खर्च कोण करणार ते लिहिलेलं
– पेपर स्वीकारल्याचा मेल आणि फी भरल्याची पावती
– ३०,००० युरोचं मेडिकल इन्शुरन्स
– राहण्याचं बुकिंग, तिकिटाचं बुकिंग
– बँक स्टेटमेंट, विद्यापीठाचं ना हरकत पत्र, रजेचं पत्र
– ग्रँट असेल तर मंजुरीपत्र

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो, पण १५ दिवसांवर जाऊ नका, स्लॉट मिळायलाच आठवडे जातात. फी प्रौढांना ९० युरो. परिषदेनंतर अर्काइव्हमध्ये बसायचं असेल तर ते दिवस निमंत्रणपत्रातच लिहून घ्या, नुसत्या दोन दिवसांच्या परिषदेवर तीन आठवड्यांचा व्हिसा मागितला की प्रश्न येतात.

८. परिषदेच्या दिवशी

१५ ते २० मिनिटं मिळतात आणि वेळ संपली की थांबवतात. प्रश्न प्रत्येक पेपरनंतर येतीलच असं नाही, तीन-चार पेपर झाले की एकत्र चर्चा होते, म्हणून तुमच्यावरचे प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि शेवटी ओळीने उत्तरं द्या. इंग्रजीत बोलणार असाल तर स्लाइड पोलिशमध्ये किंवा दोन्ही भाषांत ठेवा, ज्येष्ठ मंडळी त्यामुळे चर्चेत येतात आणि खरी माहिती त्यांच्याकडेच असते. कोणी पोलिशमध्ये विचारलं तर अध्यक्ष भाषांतर करून देतात, संकोच करू नका.

प्रश्न कडक असतात. "हे इन्व्हेंटरीत लिहिलंय, पण ती कोणी आणि कशासाठी बनवली?" असं सरळ विचारतील. जमीन भाड्याने देताना केलेली यादी आणि वारसांच्या वाटणीसाठी केलेली यादी यांत आकडे मुद्दाम वेगळे असू शकतात. याला अपमान समजू नका, तुमचं काम गंभीरपणे घेतल्याची ती खूण आहे, जेवणाच्या टेबलावर तीच व्यक्ती तुम्हाला न छापलेल्या फाइलचा नंबर देऊन जाईल.

९. परत आल्यावर

पेपर कुठे छापायचा हे तिथेच विचारून घ्या. पूर्वी परिषदेनंतर लेखसंग्रह निघायचा आणि सगळे त्यात द्यायचे, आता मंत्रालयाच्या यादीत जर्नलना २० ते २०० गुण असतात आणि पोलिश सहकारी त्यानुसारच ठरवतात, त्यामुळे कोणाबरोबर मिळून लिहिणार असाल तर त्यांना कुठे पाठवायला परवडतं हा प्रश्न आधीच बोलून घ्या. इंग्रजीतून छापायला पोझ्नानचं स्तुदिया हिस्तोरिये ओएकोनोमिके (१९६६ पासून) आणि वॉर्साचं आक्ता पोलोनिये हिस्तोरिका (१९५८ पासून) चांगली. भौतिक संस्कृतीच्या, खाण्यापिण्याच्या, अवजारांच्या अंगाने असेल तर १९५३ पासून निघणारं क्वार्तालनिक हिस्तोरी कुल्तुरी मातेरियाल्नेय हे त्रैमासिक बघा.

तळटीपांत अर्काइव्हचं नाव, कागदसंचाचं नाव आणि सिग्नेचर नंबर (फाइलचा क्रमांक) या क्रमाने पूर्ण द्या, नुसतं "वॉर्सा अर्काइव्ह" लिहिलं तर संपादक लेख परत पाठवतात. आणि ज्यांनी भारतातून ग्रँट घेतलीय त्यांनी बोर्डिंग पास, उपस्थितीचं प्रमाणपत्र, फीची पावती आणि त्या दिवसाचा झ्वॉटीचा दर हे सगळं एका पाकिटात ठेवा, झ्वॉटीतल्या बिलावर रुपयांची रक्कम हाताने लिहून आणलेली हिशोब विभाग घेत नाही, बँकेच्या दराची प्रिंट लागते.